पाच शेंगांची सभा

टोचते म्हणून लगेच उठू नका. मी घोंगडी आहे. माझ्यावर बसणाऱ्याला जरा टोचायचंच. गादीचा मऊपणा माझ्याकडे मागू नका आणि माझी ऊब गादीकडे मागू नका, म्हणजे आपलं दोघांचं छान जमेल.

माझं आयुष्य सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या एका बोळात गेलं. त्यातही सगळ्यात जास्त गेलं ते सभांमध्ये. इतक्या सभा ऐकलेली दुसरी घोंगडी आसपासच्या चार तालुक्यांत सापडायची नाही. वर उभं राहून बोलणाऱ्याला वाटतं की लोक मन लावून ऐकताहेत. पण कोण ऐकतोय आणि कोण पायाला मुंग्या आल्या म्हणून बूड हलवतोय, हे खाली अंथरलेलीला बरोबर समजतं.

माझा जन्म मात्र सभेतला नाही. सांगोल्याकडच्या उघड्या माळावर मायाप्पा धनगराच्या मेंढ्या चरायच्या. त्या काळ्या मेंढ्यांची लोकर कातरली, पिंजली, मायाप्पाच्या बायकोनं चालता-बोलता तिचं सूत काढलं. मग गावच्या सणगरानं, म्हणजे घोंगड्या विणणाऱ्यानं, ते मागावर विणलं आणि चिंचोक्याची खळ लावून मला उन्हात ताणलं. खळीनं मी इतकी कडक झाले की भिंतीला टेकवली तर उभी राहिले असते. मायाप्पानं माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "लई झ्याक झाली की! ही माज्या कस्तुराला द्यायची."

कस्तुरा ही त्याची एकुलती लेक. तिला सोलापुरात दिली होती. नवरा कुंडलिक गिरणीत होता, आणि लग्नानंतर कस्तुराबाईही गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात लागली. मायाप्पा मला खांद्यावर टाकून निघाला तो थेट या बोळात येऊन थांबला. लेकीचं घर म्हणजे एकच खोली. चूल एका कोपऱ्यात आणि झोपायची जागा दुसऱ्या कोपऱ्यात. म्हातारा चहा प्यायला, लेकीच्या पाठीवरून हात फिरवून परत गेला, आणि मी शहरवासी झाले.

बोळ मोठा मजेचा होता. एका घरात मराठी, शेजारी तेलुगू, पलीकडे कानडी. पहाटे भाकरी थापल्याचा आवाज यायचा आणि त्यात हातमागाची खटखट मिसळायची. भांडणं तिन्ही भाषांत चालायची. समेट मात्र मराठीत व्हायचा, कारण ती सगळ्यांना थोडी थोडी येत होती.

तर अशा या बोळानं एक संस्था काढली होती. नाव 'बोळ सुधारणा मंडळ'. अध्यक्ष रावजीअण्णा, कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातून पेन्शनीत निघालेले. चिटणीस रामहरी मास्तर, शाळेत शिकवणारे आणि शाळा सुटल्यावरही शिकवत राहणारे. मंडळाकडे सगळं होतं. नाव होतं, अध्यक्ष होते, रबरी शिक्का होता. नव्हतं ते फक्त बसायला अंथरूण. म्हणून सभा असली की मला कस्तुराबाईकडून मागून नेत. रावजीअण्णा माणूस न्यायाचा. त्यांनी जाहीर करून टाकलं, "घोंगडी जिची, तिला सभेत बसायचा आन बोलायचा हक्क." तेव्हापासून कस्तुराबाई माझ्या एका कोपऱ्याशी येऊन बसू लागली. बोलायची मात्र नाही.

मंडळाची मोठी सभा वर्षातून एकदा, पाडव्याला. तेलुगू आणि कानडी घरांचा तोच उगादीचा सण, त्यामुळे नवं वर्ष सगळ्यांचं एकाच दिवशी सुरू व्हायचं. गिरणी बंद, पोटात गोडधोड, अंगात नवा सदरा. अशा वेळी माणसाला वाटतं की यंदा काहीही करून दाखवू.

आणि तिथेच घोडं अडायचं. एकजण म्हणायचा, तालमीची कौलं बदलू. मास्तर म्हणत, मंजूर. दुसरा म्हणायचा, आडाला कप्पी आणि दोर आणू. मंजूर. बोळाच्या तोंडाशी दिवा, गणपतीच्या मेळ्याला नवे फेटे, वाचनालय, गटार, भिंतीवरचं घड्याळ, सगळं मंजूर. कुणाच्याही कामाला कुणी नाही म्हणायचं नाही, कारण उद्या सकाळी त्याच माणसाशी आडावर गाठ पडायची. शेजाऱ्याला तोंडावर नाही म्हणणं आमच्या बोळाला कधीच जमलं नाही. प्रत्येक ठरावाला सगळे हात वर जायचे, मास्तर "सर्वानुमते" असं म्हणून टाळी घ्यायचे आणि सभा आनंदात संपायची.

पुढे काय व्हायचं ते ऐका. कप्पी आली, पण दोर आला नाही. दिवा आला, रॉकेल आलं नाही. वाचनालयाला कपाट आलं, त्यात पुस्तकांच्या आधी रावजीअण्णांच्या मांजरीनं पिल्लं घातली. मेळ्याला फेटे आले, पण निम्म्या पोरांपुरतेच, म्हणून पुढच्या रांगेला फेटे आणि मागच्या रांगेला टोप्या अशी मिरवणूक निघाली. पुढच्या पाडव्याला सगळे पुन्हा माझ्यावर येऊन बसत आणि तीच कामं नव्या हुरूपानं मंजूर करत. मला हसू यायचं. घोंगडी हसली तर कळत नाही, हे एक बरं आहे.

हसू यायचं बंद झालं ते कस्तुराबाईचा भिमा जन्मल्यावर.

पोर दसऱ्याच्या सुमाराला झालं. काळंसावळं, हातापायानं धडधाकट, जावळ असं दाट की मला ते माझ्याच कुळातलं वाटलं. सासू गावाकडे, सासऱ्याचं दुखणं काढत होती. कस्तुराबाई संक्रांतीनंतर कामावर जाऊ लागली तेव्हा घरात लेकराजवळ बसायला कोणी उरलं नाही. गिरणीत जाणाऱ्या बाकीच्या बायका करत होत्या तेच तिनंही केलं. भोंगा व्हायच्या आधी अफूची एवढीशी गोळी बोटावर घेऊन ती भिमाला चाटवायची. बाळगोळी म्हणत तिला. मग मला अंथरायची, वर मऊ गोधडी, तिच्यावर भिमा, आणि दाराला बाहेरून कडी.

शेजारणी कौतुक करायच्या. "लई शाणं लेकरू बाई. दिसभर आवाज न्हाय."

त्याचं शहाणपण मला ठाऊक होतं. तो माझ्या अंगावर निजलेला असायचा. लेकरू झोपेत पाय झाडतं, मूठ चोखतं, उगीच हसतं. हे यातलं काही करत नव्हतं. ठेवलं तसंच पडून राहायचं. मी ऊब देत राहायचे, दुसरं मी काय करणार?

एक दिवस मधल्या सुट्टीत कस्तुराबाई पाजायला धावत आली आणि भिमा उठेना. तिनं हाक मारली, गाल हलवले, तळपाय चोळले, तोंडावर पाणी मारलं. मान नुसती इकडची तिकडे होत होती. शेवटी त्यानं एकदाचे डोळे किलकिले केले तेव्हा ती त्याला छातीशी घेऊन माझ्यावर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. दुसऱ्या दिवशी तिनं गोळी दिली नाही. भिमा रडला, तिचा पाय निघेना, खाडा झाला. जॉबरनं, म्हणजे गिरणीतल्या मुकादमानं, सुनावलं, आणखी एक खाडा झाला तर हजेरीतून नाव काढीन. एका पगारात घर चालत नव्हतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा गोळी. पण आता कडी लावायच्या आधी ती त्याच्या नाकाशी बोट धरून बघायची. उद्या हे उठलंच नाही तर, हा एकच विचार तिच्या डोक्यात आणि माझ्या लोकरीत घर करून बसला.

पाडवा तोंडावर आला. त्या वर्षी रावजीअण्णांनी मात्र मनावर घेतलं होतं. कपाटातली मांजर त्यांना लागली असावी. त्यांनी मास्तरांना ओट्यावर बोलावून सांगितलं, "मास्तर, आमची लाइन एकेरी. एका टायमाला एकच गाडी सोडायची. ती पुढच्या ठेसनाला पोचली की मग दुसरी. आपन सगळ्या गाड्या एकदम सोडतो आन समद्या मधीच अडकून बसत्यात."

"मग करायचं काय?" मास्तर म्हणाले.

अण्णांनी डोकं चालवलं होतं. ज्याला जे काम हवं, त्यानं त्या कामाची खूण म्हणून एक वस्तू घोंगडीवर मांडायची. वाचता न येणाऱ्यालाही कळेल, आणि भाषेची अडचण नाही. मग घरटी पाच शेंगा द्यायच्या, भुईमुगाच्या. ज्या वस्तूपुढे सगळ्यात जास्त शेंगा पडतील ते काम पहिलं. ते पुरं होईपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. हात वर करायला काही लागत नाही, पण शेंगा पाचच म्हटल्यावर माणूस विचार करील. मास्तरांनासुद्धा ही युक्ती पटली, म्हणजे पाहा.

युक्ती होतीही चांगली. पण अण्णांनी घरात जाऊन बायकोला, बजाबाईंना, एवढंच सांगितलं की सभेसाठी शेंगा काढून ठेव. बजाबाईंनी शेंगा काढल्या, आणि मिठाच्या पाण्याचा हबका मारून मस्त खरपूस भाजल्या. अण्णांनी बघितलं तेव्हा सभेला माणसं जमली होती. "अगं, भाजल्यास कशाला?" ते पुटपुटले. बजाबाई ठसक्यात म्हणाल्या, "सनाच्या दिशी दारात आल्याली मानसं. त्यांच्या हातावर कच्च्या शेंगा ठिवू व्हय? लोकं काय म्हन्तील?"

सभा अण्णांच्या अंगणात भरली. बोळातली सगळी घरं हजर. घरातला कर्ता नसला किंवा जेवून लवंडलेला असला, तर घरच्या म्हातारीला पाठवलेलं. पाच-पाच शेंगा वाटल्या गेल्या. कस्तुराबाईच्या घरच्या अर्थात कुंडलिकाच्या हातात पडल्या.

मग वस्तू मांडायला सुरुवात झाली. तालमीचे म्हातारे वस्ताद कल्लप्पा यांनी फुटकं कौल आणून दाणकन ठेवलं. कुणी दोराचा तुकडा ठेवला, कुणी कंदिलाची काच, मेळ्याच्या पोरांनी फेटा, मास्तरांनी वाचनालयासाठी वर्तमानपत्र. माझ्या अंगावर आठवडी बाजार भरला.

"आनखी कुनाचं?" अण्णांनी विचारलं.

माझ्या कोपऱ्याशी कस्तुराबाई पदराची गाठ सोडत होती. गाठ सुटता सुटेना. मग तिनं पुढे वाकून कौल आणि दोर यांच्या मधे एक काळी गोळी ठेवली. ती इतकी लहान होती की मागच्यांना दिसलीच नाही.

"काय हाय ते? मिरं?" कुणीतरी विचारलं.

"न्हाय," कस्तुराबाई म्हणाली. "ही माजं लेकरू सांबाळती. मी गिरनीत आसते तवा."

मास्तर म्हणाले, "बाई, पण यात मंडळानं काम काय करायचं, ते सांगा."

"एक खोली आन एक-दोन मानसं, मास्तर. आमी येईस्तवर लेकरं बगाय. ह्या बोळात गिरनीत जानाऱ्या समद्याच बाया ही गोळी देत्यात. कुनी बोलत न्हाय, मी बोलले. परवा माजं लेकरू उटंना झालं हुतं. मला त्येला निजवायचं न्हाय अण्णा. मला ते जागं पायजे."

आजवरच्या एवढ्या सभांत माझ्यावर बसून इतकं खरं कोणी बोललं नव्हतं. पण एक जण मागून म्हणालाच, "ही बायकांची कामं. मंडळाचा काय समंद?" काहींनी माना हलवल्या. आणि कानडी नागव्वा आजीनं मान खाली घातली. ती अक्कलकोटकडची, एकटी राहणारी. झाडपाल्याचं औषध जाणायची, आणि बोळातल्या सगळ्या बाळगोळ्या तिच्याच घरून यायच्या.

आता लगेच शेंगा मांडल्या असत्या तर गोष्ट वेगळी झाली असती. पण चिटणिसांचा वार्षिक अहवाल बाकी होता. रामहरी मास्तर उभे राहिले, उपरणं सारखं केलं आणि संस्था म्हणजे काय इथून त्यांनी सुरुवात केली.

मास्तर वाईट बोलत नसत. थांबत नसत, एवढंच. संस्थेचं ध्येय, ध्येयाची दिशा, दिशेला लागणारी एकजूट. इकडे लोकांच्या मुठीत शेंगा होत्या, कोमट, खारवलेल्या, आणि वास सुटलेला. पहिली शेंग कोणी फोडली ते मला पक्कं माहीत आहे, पण सांगणार नाही. ते गृहस्थ अजून बोळात राहतात. एवढं खरं की ती कट्ट करून फुटली आणि शेजारच्याचा हातही नकळत हलला. मग कटाकट, कटाकट. सगळे मास्तरांकडेच बघत होते, अगदी मन लावून, आणि दाणे तोंडात टाकत होते. टरफलं माझ्यावर पडत होती. मी सगळ्यांना टोचते, त्या दिवशी मला टोचलं.

"तर आता सर्वांनी आपापल्या शेंगा मांडाव्यात," असं म्हणून मास्तर बसले.

कोणी हलेना. सगळ्यांनी खाली पाहिलं. मांडीवर टरफलं. एकमेकांकडे पाहिलं, तर तिकडेही टरफलं. मेळ्याच्या पोरांनी हळूच फेट्याकडे बघितलं आणि ओठावरचं मीठ चाटलं. कस्तुराबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. कुंडलिकानं मूठ उघडली. त्यातही टरफलंच होती. बिचाऱ्याला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तिनं माझं टोक मुठीत असं आवळलं की एक धागा तटकन तुटला.

"माजी टरफलं फेट्याला धरा की," एक पोरगा म्हणाला.

"वापरल्याल्या तिकिटावर परत गाडीत बसू देत न्हाईत," अण्णा कडाडले. मग त्यांनी कपाळ पुसलं आणि विचारलं, "अरे, कुनाजवळ तरी शेंगा हायत का?"

तीन हात वर झाले. वस्ताद कल्लप्पा, तेलुगू काशम्मा आणि नागव्वा. तिघांच्याही तोंडात दात नव्हता. चावताच येईना, म्हणून शेंगा जशाच्या तशा राहिल्या होत्या.

अंगणात असा हशा उसळला की झाडावरचे कावळे उडाले. पण अण्णा हसले नाहीत. "मग झालं. हे तिघं ठरवतील," ते म्हणाले.

कल्लप्पा वस्ताद मिशीवर हात फिरवत आले आणि पाचही शेंगा कौलापुढे मांडून ताठ उभे राहिले. तालमीची सगळी पोरं ओरडली. मग काशम्मा आली. तिला मराठी बेताची येई. तिनं काळी गोळी उचलली, नाकाशी नेली आणि तिचा चेहरा बदलला. "अय्यो देवुडा," ती म्हणाली. "माजा एक पोरगा... असाच झोपला. पुन्ना नाय उठला." तिनं गोळी खाली ठेवली, पाच शेंगा तिच्याभोवती गोल मांडल्या, आणि कस्तुराबाईच्या डोक्यावर हात ठेवून परत गेली.

पाच तिकडे, पाच इकडे. राहिली नागव्वा.

ती जागची उठेना. कस्तुराबाईची मान आणखी खाली गेली. गोळ्या करणारी बाई गोळीविरुद्ध शेंगा कशाला टाकील? चार घरची मूठमूठ ज्वारी याच गोळ्यांवर तिच्या चुलीपर्यंत पोचायची. मला तर वाटलं, संपलं. मग नागव्वा काठी टेकत आली आणि माझ्यावर बसली. बराच वेळ ती शेंगा या हातातून त्या हातात घेत होती.

"गोळी मीच देते," ती म्हणाली. "सगळ्यांना ठाव हाय. येतात, गोळी मागतात, जातात. कूस, लेकरू हो, घेऊन कुणी आलं का? नागव्वा, तू बसतीस ना रिकामी, हे लेकरू बघ, असं कुणी म्हणालं का? मी दिसभर भिंतीकडं बघत बसते. मला इचारा की री!"

आणि तिनं पाचही शेंगा काशम्माच्या शेंगांशेजारी ठेवल्या. कस्तुराबाई तिच्या गळ्यात पडली. कुंडलिक उपरण्यानं डोळे पुसत होता, आणि बजाबाई आतून ओरडून सांगत होत्या की शेंगा आणखी आहेत, हव्या असतील तर भाजते.

पोरं कुरकुरली. मतं खाल्ली गेली, सभा परत घ्या म्हणाली. मास्तरही ठरावाच्या शुद्धतेबद्दल काही बोलू लागले. अण्णांनी हात वर केला. "सिग्नल पडला. गाडी सुटली."

"मग आमची?" कल्लप्पा गुरगुरले.

"तुमची सायडिंगला, वस्ताद. हिच्या मागनं सोडू." वस्ताद तरातरा निघून गेले.

काम एकच असल्यामुळे मंडळाला या वर्षी पळवाट नव्हती. अडचण आली ती खोलीची. बोळात रिकामी खोली नाही. अण्णा घरोघर हिंडले, मास्तरही हिंडले. शेवटी एका सकाळी वस्ताद स्वतःच आले, रागातच. "तालमीची ओसरी घ्या. पोरं पहाटं आन संद्याकाळी खेळत्यात, दिसभर मोकळीच असती. बायांनी आत कुस्तीच्या हौद्याकडं यायचं न्हाय, तितं मारुती हाय. ओसरीत बसा." जाता जाता मागे वळून म्हणाले, "आन पावसाळ्यात गळतीया ती. लेकरं भिजवू नका म्हंजे झालं." मिशीत हसले की काय, मला नीट दिसलं नाही. ओसरीवर नवी कौलं अर्थात टाकावी लागली. वस्तादांच्या मते मात्र आतल्या तालमीची राहिलीच, आणि ते आजही मंडळाला त्यावरून बोलतात.

ओसरीत सात-आठ झोळ्या बांधल्या गेल्या आणि खाली मी. काशम्मा आणि नागव्वा दिवसभर तिथे. नागव्वानं एकदम गोळी तोडली नाही. अर्धी केली, मग कणभर, मग बंद. ती बंद झाली त्या दिवशी सगळी लेकरं मिळून अशी रडली की हातमागाची खटखट ऐकू येईना. तक्रारी आल्या. विणकर म्हणाले, लक्ष लागत नाही. मास्तर म्हणाले, मुलांना पाढे ऐकू जात नाहीत. काशम्मा एकेकाला खांद्यावर घेऊन तेलुगूत गात होती, नागव्वा कानडीत दटावत होती, आणि भिमानं माझ्यावर पहिल्यांदा पाय झाडले. दोन्ही टाचांनी दणादणा. लागलं नाही, पण लागलं असतं तरी चाललं असतं.

एक गोष्ट जरा लाजेची आहे, पण सांगते. रेंगाळलेल्या कामाला तुम्ही माणसं भिजत घोंगडं म्हणता. मला त्याचा फार राग यायचा. आता मी खरोखरच दिवसातून कितीदा तरी भिजत होते, लेकरांमुळे, आणि या बोळात पहिल्यांदाच एक काम पुरं झालं होतं.

कस्तुराबाईचा एकही खाडा झाला नाही. मधल्या सुट्टीत ती यायची, केसांत कापसाचे तंतू अडकलेले, आणि भिमा लांबूनच हात पसरायचा. एकदा संध्याकाळी मात्र तो काशम्माचा पदर सोडीना. आईनं ओढलं तर किंचाळला. कस्तुराबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "ऱ्हा मग तितंच, ऱ्हा," ती म्हणाली. मग स्वतःच हसली आणि दोघींच्या मधे माझ्यावर बसून राहिली, त्याला यायचं तेव्हा येईल म्हणून.

पुढच्या पाडव्याला मंडळाची माणसं मला न्यायला आली. काशम्मानं त्यांना ओसरीच्या पायरीवरच अडवलं. "झोपलेत. उचलायचं नाय." मग सभा पायरीखाली, नुसत्या जमिनीवर भरली. लेकरं उठतील म्हणून सगळे कुजबुजत होते. कुजबुजत लांबलचक अहवाल वाचता येत नाही, हे मास्तरांना त्या दिवशी कळलं. दोराचं काम पहिलं ठरलं, आणि पावसाळ्याआधी आडाच्या कप्पीवरून बायका पाणी ओढत होत्या. त्याच्या पुढच्या वर्षी दिवा लागला. एकेक करत बरीच कामं झाली. घड्याळ अजून झालेलं नाही, पण त्याची घाई कोणाला नाही.

काही वर्षांनी सभेलाही अंथरूण हवं आणि लेकरांनाही, असा वाद निघाला. अण्णांनी निकाल दिला आणि बजाबाईंनी मला मधोमध कापून कडा शिवल्या. मी घाबरले होते, पण दुखलं नाही. एक तुकडा सभेला गेला. तुमच्याशी बोलतेय तो दुसरा, ओसरीतला. माझा रंग उडालाय, मधे विरलेय, एका कोपऱ्याला कसर लागलीय. भिमा आता शाळेत जातो आणि आपण कधी माझ्यावर निजत होतो हे त्याला पटत नाही. नागव्वा गेली. तिच्या जागी आता बजाबाई बसतात.

तुमचीही एखादी संस्था असेल. वर्षाची कामं ठरवायला बसाल, मोठमोठी, एकाहून एक चांगली. ठरवा. पण ठरवायच्या आधी एकदा अंथरुणाच्या कोपऱ्याकडे बघा. पदराची गाठ सोडू की नको, अशा विचारात कोणी बसलं आहे का, ते बघा. तिला आधी बोलू द्या, आणि अहवाल नंतर वाचा. म्हाताऱ्या घोंगडीचं एवढं ऐकाच.

आणखीही सांगितलं असतं. सभेच्या तुकड्याकडे तर पुष्कळ गोष्टी असतील, त्याला विचारा. मला आता वेळ नाही. माझ्यावर कोणीतरी जागं झालंय.